मन्यारणीचा उजवा हात

वर जाणाऱ्या हाताचा आवाज वेगळा असतो आणि खाली येणाऱ्या हाताचा वेगळा. हात वर जाऊ लागला की काचेच्या बांगड्या मनगट सोडून कोपराकडे घरंगळतात, आणि एकमेकींच्या अंगावरून सरकताना वाळल्या पानांतून वारा जावा तशा सळसळतात. हात खाली आला की त्या सगळ्या मिळून मनगटाच्या हाडावर आदळतात. तो आवाज मोठा, पण आखूड. अर्ध्यात अडलेला हात मात्र काहीच धड बोलत नाही, नुसता किणकिणतो. नगरच्या बायकांच्या दवाखान्यात, मागच्या व्हरांड्यात पाठमोरी बसून पट्ट्या गुंडाळताना मी हे तिन्ही आवाज ऐकत असे. भिंतीशी उभ्या असलेल्या बाईचा हात कुठवर गेला हे मला मान न वळवता कळे. नोकरी सुटून बरीच वर्षे झाली, पण दिवाळीच्या सुमारास घरात चुना काढला की त्या ओल्या वासासरशी तो आवाज अजून कानाशी येतो.

या दिवाळी अंकासाठी लिहिण्याचा आग्रह झाला तेव्हा माझ्या कामात सांगण्यासारखे काही नाही असे मी कळवले होते. परिचारिका म्हटली की वाचकांना जन्माच्या आणि मृत्यूच्या गोष्टी हव्या असतात. माझे काम या दोहोंच्या मधले होते. वाचलेल्या बाईचा आखडलेला हात वर नेणे, एवढेच. वॉर्डातल्या बायकांनी मला ‘हातवरबाई’ असे नाव ठेवले होते. ते माझ्या बारशाच्या नावापेक्षा अधिक काळ टिकले, आणि खरे सांगायचे तर मला ते अधिक आवडले.

ज्यांना या गोष्टी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगते. बाईच्या छातीत कर्करोगाची गाठ निघाली तर त्या काळी, म्हणजे दुसरे महायुद्ध चालू असताना आणि त्यानंतरही, एकच मोठा उपाय होता. सबंध स्तन, त्याखालचे मांस आणि काखेतल्या गाठी, असे सारे कापून काढावे लागे. खेड्यातल्या बायका त्याला कर्करोग म्हणत नसत. ‘अंगावरची गाठ’ म्हणत. ज्या अंगावर लेकरू पाजले त्याच अंगावरची. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंचा हात अतिशय स्थिर होता. त्या गाठ काढत, जखम शिवत, आणि बाई जिवंत घरी जाई. पण जखम भरताना कातडी आवळत जाते. हात बाजूला चिकटल्यासारखा होतो. काखेत दोरी ताणून बांधल्यासारखे वाटते, दंड बधिर होतो, आणि एक जळजळ मागे उरते ती महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे जात नाही. दुखते म्हणून बाई हात हलवत नाही, आणि हलवत नाही म्हणून अधिक दुखते. या फेऱ्यातून तिला बाहेर काढणे हे माझे काम.

ते मी शिकले छावणीतल्या लष्करी इस्पितळात. तिथल्या एका परिचारिकेच्या हाताखाली जखमी शिपायांचे सांधे मोकळे करण्याचे काम चाले, आणि डॉक्टरीणबाईंनी मला काही आठवडे तिच्याकडे पाठवले. तिथे सारे हुकुमावर होते. ‘हात वर’ म्हटले की शिपाई दात आवळून हात वर नेई. मी तेच हुकूम घेऊन आमच्या वॉर्डात आले आणि पहिल्याच दिवशी बायका माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. बाईला नुसता हात वर करायला आजवर कोणी सांगितलेलेच नसते. तिचा हात वर जातो तो कशासाठी तरी: डोक्यावर घागर चढवायला, दोरीवर लुगडे वाळत घालायला, अंबाडा बांधायला. मग मी हुकूम सोडून दिले आणि घागर, दोरी, फणी ही साधने धरली. व्हरांड्याच्या चुन्याच्या भिंतीवर बोटांनी चढत जायचे, मुंगी चढते तसे, आणि जिथे बोटे थांबतील तिथे गेरूची खूण करायची. दुसऱ्या दिवशी त्या खुणेच्या थोडे वर.

माझे वडील शाळामास्तर होते. त्यांनी मला अक्षरांबरोबरच वृत्ते शिकवली होती. ओळीत जिथे यती, म्हणजे विराम, येतो तिथे श्वास घ्यायचा, हे मी सहाव्या-सातव्या वर्षी शिकले. ते पुढे असे उपयोगी पडेल ही त्यांना कल्पना नसावी. हात वर जाताना एक चरण, अडेल तिथे यती, तिथे श्वास आत, आणि श्वास सोडताना पुन्हा थोडे वर. बायकांना मी वृत्तांची नावे सांगत नसे. त्यांना जात्यावरची ओवी ठाऊक होती, तिच्यात सगळे होते. अडलेल्या ठिकाणी बाई हमखास खांदा आवळून कानापाशी नेते. तिथे मी एकच शब्द म्हणे: “सैल.” दुसरे काही सांगावे लागत नसे.

आवाजाचा उपयोग मला पुणतांब्याच्या एका पाटलीणबाईंमुळे कळला. शस्त्रक्रियेआधी बांगड्या उतरवत, पण नंतर रिकामा हात घेऊन वॉर्डात बसणे कोणत्याही सवाष्णीला जड जाई. म्हणून त्या बाजूच्या हातात दोन-तीन सैल बांगड्या घालण्याची मुभा आम्ही दिली होती. सैल एवढ्यासाठी की अशा हाताला सूज येण्याचे भय कायम असते. तर या पाटलीणबाई भिंतीशी उभ्या राहत आणि हात न उचलता नुसते मनगट हलवत. माझी पाठ आहे म्हणून मला फसवता येईल असा त्यांचा हिशेब. “पाटलीणबाई, हात जाऊ द्या वर, मनगट नको,” असे मी पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हटले, तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, “ह्या बाईच्या पाठीला बी डोळं हायेत गं.” वॉर्ड हसला. पाटलीणबाईही हसल्या, आणि हसताना त्यांचा हात भिंतीवर चांगला वीतभर वर गेला.

माझ्या स्वतःच्या हातांचा आवाज मात्र नव्हता. कामावर असताना परिचारिकेने बांगड्या घालू नयेत असा दवाखान्याचा नियम होता. तो माझ्याइतका मनापासून दुसऱ्या कोणी पाळला नसेल. लग्नानंतर वर्षाच्या आतच माझे हात रिकामे झाले होते. घरी, गल्लीत, हळदीकुंकवाच्या दिवशी ते रिकामेपण माझ्याआधी खोलीत शिरत असे. दवाखान्यात त्याला एक साधे कारण मिळाले, आणि कोणाची नजर त्यावर थांबेनाशी झाली.

जैतुनबीची मात्र थांबली. ती शेवगावची मन्यारीण. मन्यार म्हणजे काचेच्या बांगड्या भरणारे मुसलमान घर. नवरा रसूलभाई माल आणी, शेवगावच्या बाजारात बसे; आणि ती बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन आसपासच्या गावांना जाई. त्या गावांतल्या बायकांना बांगड्या भरणे हा तिच्या घराचा पिढ्यांचा हक्क होता. पहिल्यांदा शस्त्रक्रियेला आली तेव्हा गाठ उजव्या बाजूला होती. तिचे सारे नीट झाले. टाके निघाले आणि जत्रांचे दिवस तोंडावर आले म्हणून रसूलभाई तिला घेऊन गेले. मोटार सुटेपर्यंत मी तिच्या बाजूला उभी राहून हात कसा वर न्यायचा ते दाखवत होते. ती मान डोलावत होती, पण तिची नजर माझ्या मनगटावर होती. धंद्याची नजर. कोणत्या हाताला कोणते माप लागेल हे ती पाहताच ओळखत असे, असे तिने मला पुढे सांगितले.

पुढच्या हिवाळ्यात ती परत आली. युद्धाच्या त्या दिवसांत पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी कोळशाच्या धुरावर चालत, आणि तिच्या पदराला, केसांना तोच करपट वास येत होता. उजवा हात तिने पदराखाली धरला होता. मी पदर बाजूला केला. बोटांपासून दंडापर्यंत हात फुगला होता. कातडी ताणून चकाकत होती. आणि मनगटापासून वर हिरव्या-लाल बांगड्यांची ओळच्या ओळ त्या मांसात रुतून बसली होती. मी हात हलकेच उचलला. त्या बांगड्या वाजल्या नाहीत.

टाके निघून घरी गेल्यावर हाताला थोडी सूज येऊ लागली होती. रसूलभाईंना कोणीतरी सांगितले की हात हलवला की गाठ परत येते, म्हणून त्यांनी तो फडक्याने गळ्यात बांधून दिला. सूज वाढली. तेव्हा जैतुनबीने तिच्या धंद्याने शिकवले होते ते केले. सैल बांगडी म्हणजे मन्यारणीची बदनामी. चांगली भरलेली बांगडी हातावर हलता कामा नये. तिने स्वतःच्या हातावर मापाहून लहान बांगड्या चढवल्या, की सूज त्यांच्या आत अडून राहील.

“बांध घातला बाई मी,” ती म्हणाली. “पानी बांधाला अडंल वाटलं.”

पाणी अडले नाही, चढले. मग काच मांसात फुटेल या भीतीने तिने बोटसुद्धा हलवायचे सोडले. खांदा पार आखडला. नमाजाला हात खांद्यापर्यंत उचलावे लागतात. डावा जाई, उजवा मांडीवर पडून राही. आणि दुखणे तर होतेच, काखेपासून करंगळीपर्यंत विस्तव ठेवल्यासारखे. त्याहून एक तिने हळू आवाजात सांगितले, जे मला नंतर इतर बायकांनीही सांगितले आहे. “जे कापून टाकलं तेच दुखतंय बाई. ते हाय कुठं आता? पर दुखतंय मातर तितंच.”

डॉक्टरीणबाईंनी तपासले. नवी गाठ नव्हती. पण बांगड्या ताबडतोब फोडून काढायला हव्यात असे त्यांनी सांगितले. जैतुनबी खाटेवरून उठून भिंतीला टेकून उभी राहिली. तिचे म्हणणे तिने शांतपणे मांडले. नवरा बाहेर बाकावर बसला आहे. तो जिवंत असताना तिच्या हातावर बांगडी फोडायची नाही. आणि त्याहून पुढचे असे की ती मन्यारीण आहे. “माझ्याच हातावर बांगडी फोडली आसं कानावर गेलं, तर कोन नवरी माझ्यापुढं हात करील?”

त्यात एक नवरी ठरलेली होती. शेवगावच्या पलीकडच्या एका गावी पाटलांच्या मुलीचे लग्न त्या वर्षी निघाले होते. त्या मुलीच्या आईला लग्नाचा हिरवा चुडा जैतुनबीच्या सासूने भरला होता. मुलगी तान्ही असताना पहिल्या बांगड्या जैतुनबीने भरल्या होत्या. आता चुडाही तिनेच भरायचा. पण गेले वर्षभर पेटी तिच्या धाकट्या जावेच्या डोक्यावर होती. तिने चुडा भरला की ते गाव तिचे, आणि त्यामागोमाग बाकीची. जाऊ वाईट नव्हती, जैतुनबीने हे मला दोनदा सांगितले. पण गाव एकदा दुसऱ्या हाताला सरावले की मागे वळून पाहत नाही.

डॉक्टरीणबाईंची अडचण वेगळी होती. काच फोडताना अशा हाताला ओरखडा जरी गेला, तरी त्यातून विष भिनते. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “तुझ्याच्याने सूज उतरत असेल तर उतरव. मी बोटांकडे बघत राहीन. त्यांचा रंग बदलला की मी कोणाचं ऐकणार नाही. तिचंही नाही, तुझंही नाही.”

आमच्या मुदतीला तारीख नव्हती, रंग होता.

खिडकीलगतची खाट मी तिला दिली. उशांवर उशा रचून हात उंच ठेवला. प्रवरेच्या कालव्यावरचा पाटकरी पाणी सोडण्याआधी पुढची चारी, म्हणजे शेताकडे जाणारा छोटा पाट, मोकळी करतो. हाताचेही तसेच आहे. आधी मान, खांदा, काखेच्या मागचा भाग, तिथली वाट हलक्या हाताने मोकळी करायची, मग दंड, मग कोपर, आणि बोटे सर्वांत शेवटी. दाब इतका हलका की साय हलावी, पण फाटू नये. मधूनमधून खोल श्वास. आणि मूठ मिटायची, उघडायची. मूठ मिटतच नव्हती. मी स्वयंपाकघरातून मळलेल्या कणकेचा गोळा मागवला आणि तिच्या तळहातात ठेवला. तिने बोटांच्या पेरांनी त्यात हलकेच खळगे पाडले. संध्याकाळपर्यंत तो गोळा आंबूस वासाचा आणि राखाडी रंगाचा झाला होता, आणि त्यावर तिच्या पाचही बोटांचे ठसे होते.

ती गरीब रोगी नव्हती. दुखले की मला नावे ठेवी. “बाई, तुमी फौजदार व्हायला पायजे हुतं, उगं हितं आलात.” मी म्हणे, फौजदाराला तुमच्यासारखी माणसे रोज भेटली तर तो इथे नोकरीला येईल. यावर ती हसे आणि मग हसल्याने छातीचा वण ओढला म्हणून पुन्हा मला बोल लावी.

दुखण्यातला फरक मात्र तिच्याकडूनच मला शब्दांत मिळाला. मी तिला समजावत होते की काही दुखणे ‘थांब’ म्हणते आणि काही नुसते आखडलेपणाने कुरकुरते. पहिल्याचे ऐकायचे, दुसऱ्याबरोबर चालत राहायचे. ती म्हणाली, “म्हंजी बांगडी बोटांच्या गाठीवरनं उतरताना दुखतं ते येगळं, आन् काच टोचली तर दुखतं ते येगळं. व्हय ना?” पुढे मी कितीतरी बायकांना ते याच शब्दांत सांगितले. प्रत्येकीला कळले, कारण प्रत्येकीच्या हाताला दोन्ही ठाऊक होती.

खांदा आवळला की मी “सैल” म्हणे, तेव्हा ती म्हणाली होती, “ह्यो शब्द तर आमचा हाय. बांगडी भरताना आमी बी ह्येच म्हनतो. हात आवळला की काच गेलीच.”

डॉक्टरीणबाई सकाळ-संध्याकाळ येत, तिची नखे दाबत, रंग परत भरतो का ते पाहत आणि पुढे जात. एका सकाळी नखे जरा काळसर वाटली. त्यांनी कात्री मागवली. जैतुनबीने डोळे मिटून घेतले. मी उशी काढली, हात आणखी उंच धरला आणि तिला मूठ मिटायला सांगितली. ती मिटत राहिली, उघडत राहिली. ओठ हलत होते. कलमा म्हणत होती की मला शिव्या देत होती, कोण जाणे. डॉक्टरीणबाई कात्री हातात धरून उभ्या होत्या. हळूहळू नखांखाली गुलाबी रंग चढला. त्यांनी कात्री ताटात परत ठेवली, तिचा तो छोटा आवाज अजून आठवतो.

त्यानंतर एके दिवशी हात धुताना मनगटाजवळची बांगडी किंचित फिरली. जैतुनबीनेच ते ओळखले. तिने रिठ्याचा फेस मागितला. डाव्या हाताने एकटीला जमेना, म्हणून तिने माझे हात कामाला लावले. अंगठा तळहातात मुडपून घ्या, गाठी एकावर एक दाबा, रेटू नका, फिरवा. तिच्या सांगण्यात माझ्यापेक्षा कडक शिस्त होती. बांगडी गाठींवर येऊन अडली, तिथे दोघींनीही श्वास धरला, आणि ती फेसातून सुटून माझ्या तळहातावर आली. अखंड. एकेक करत, सूज उतरेल तशा, सगळ्या उतरल्या. जिथे त्या होत्या तिथे हातावर खोल वळ्या राहिल्या होत्या. जैतुनबी त्यांवरून बोट फिरवत राहिली. मग तिने त्या बांगड्या धुतल्या, रुमालात बांधल्या आणि दारापाशी जाऊन रसूलभाईंच्या हाती दिल्या. तो उंच माणूस रुमाल छातीशी धरून व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहिला.

भिंतीचे काम त्यानंतरचे. रसूलभाई रोज दुपारी डबा घेऊन येत आणि दुरून पाहत. एकदा त्यांनी मला गाठून अगदी खालच्या आवाजात विचारले, “बाई, हात हलवून ते परत येनार न्हाई ना?” मी म्हटले, ते कुठून येते हे मोठ्या डॉक्टरांनाही ठाऊक नाही, पण हात हलवल्याने येत नाही, एवढे मी सांगू शकते. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते एक खिळा घेऊन आले, भिंतीवरच्या खुणांच्या पुष्कळ वर ठोकला आणि त्यावर एक बांगडी अडकवली. जैतुनबीला त्यांनी त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितले. ती लाजली, तिच्या वयाची, सुना आलेली बाई, चक्क लाजली.

आधी हात नमाजापुरता, खांद्याइतका वर आला. त्या दिवशी तिने दुपारच्या नमाजाला दोन्ही हात उचलले. मग फणी केसांना लागली. मग बोटांच्या टोकांना चुना लावून घेत ती खुणांमागून खुणा चढत गेली, आणि लग्नाचे दिवस जवळ आले तेव्हा एका सकाळी खिळ्यावरची बांगडी तिच्या बोटावर उतरली. दुखत होतेच. जाण्याआधी तिने मला सरळ विचारले, “हे समदं रोज केलं तर दुखनं जाईल?”

“कमी होईल. सगळं जाईल असं मी सांगणार नाही,” मी म्हटले. “पण केलंत तर हात तुमचा राहील. सोडलंत तर दुखण्याचा होईल.”

“खोटं बोल्ला न्हाईत, बरं केलं,” ती म्हणाली.

चुडा तिनेच भरला. मी तिथे नव्हते. रसूलभाई लग्नाचे लाडू घेऊन आले तेव्हा कळले. युद्धामुळे फिरोजाबादचा माल मिळत नव्हता, तरी त्यांनी कुठून कुठून हिरवी काच जमवली होती. नवरीपाठोपाठ घरातल्या साऱ्या बायकांनी हात पुढे केले. धाकटी जाऊ शेजारी बसून बांगड्या निवडून देत होती. संध्याकाळी हात पुन्हा सुजला, आणि जैतुनबी पाटलांच्या ओसरीवर गव्हाच्या पोत्यावर हात उंच ठेवून मूठ मिटत-उघडत बसली. भोवती पोरींचा घोळका, हे काय चालले आहे ते विचारणारा.

त्यापुढे ती दरवर्षी जत्रांचे दिवस संपले की येई. न सांगता भिंतीशी जाई आणि हात वर नेई. मग एका वर्षी ती खोकत आली. आजार परतला होता. हातातून नव्हे, छातीच्या आत. डॉक्टरीणबाईंपाशी तेव्हा त्यावर काही नव्हते आणि माझ्यापाशी तर कधीच काही नव्हते. आता औषधे आहेत, विजेची यंत्रे आहेत, माझ्या कामाला शाळा आहेत. त्या नव्या मुलींना काम करताना पाहते तेव्हा मला आनंद होतो, आणि त्या आनंदात कुठेतरी जैतुनबी भिंतीशी उभी असते, फार लवकर आलेली. रसूलभाई पुढे एकदा येऊन सांगून गेले, की अंथरुणावर पडल्यापडल्या ती सकाळी उजवा हात वर नेत असे, अगदी उठवेनासे झाले तरी. हात शेवटपर्यंत तिचाच राहिला.

पण तिची आठवण येते तेव्हा मला यातले काही दिसत नाही. लग्नाला जाण्याच्या आदल्या दिवशीची दुपार दिसते. व्हरांड्यात ऊन उतरले होते, बायका निजल्या होत्या. जैतुनबीने पेटी मागवून घेतली होती आणि ती अस्वस्थ होती. हात वर जातो, पण बांगडी भरण्याचा जोर त्यात आला आहे का, हे तिला उद्या नवरीच्या हातावर कळून चालणार नव्हते. पाहायला एक रिकामा हात हवा होता. वॉर्डात सगळ्यांचे हात भरलेले होते.

तिने माझ्याकडे पाहिले. मी नको म्हणाले. नियम आहे, असेही म्हणाले. तिने नियमाबद्दल काही विचारले नाही. “माझा हात बघायचा हाय बाई, तुमचा न्हाई,” एवढेच म्हणाली, आणि उजवा हात पुढे धरून बसली. त्या हातासाठी मी इतके दिवस झटले होते; तो नाकारणे मला शक्य नव्हते. मी समोर बसले आणि डावा हात दिला.

तिची बोटे गार होती, रिठ्याचा वास येत होता. पेटीतून तिने एक साधी, पांढऱ्या काचेची बांगडी काढली. माप न घेता. माझा अंगठा मुडपला, गाठी दाबल्या. जोर होता. पुरेसा होता. काच बोटांवरून सरकली, गाठींपाशी आली आणि अडली. तिच्या हातामुळे नव्हे. माझी मूठ माझ्या नकळत घट्ट आवळली गेली होती; खांदा कानापाशी चढला होता; श्वास थांबला होता. ज्याबद्दल मी इतक्या बायकांना रागे भरले ते सारे माझे अंग करत होते.

जैतुनबीने रेटले नाही. बांगडी तिथेच धरून ती थांबली, मी तिच्यासाठी भिंतीशी थांबत असे तशी. मग माझ्याच आवाजात, माझ्याच लयीत, हळूच म्हणाली,

“सैल.”